दामूदादा, तुमचं माप चुकलं नव्हतं

दामूदादा,

तुम्ही गेल्याचं मला दूधवाल्याने सांगितलं. कडावचाच तो, तुमच्या घरापासून चार घरं टाकून राहणारा. मापटं पातेल्यात उलटं करता करता म्हणाला, "बाई, आमचं दामूतात्या गेलं परवा. सकाळी बैलांना पानी दावलं आन् वट्यावर येऊन बसलं, ते बसलंच." मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. तो कधी गेला तेही मला कळलं नाही.

तुम्ही गेलात आणि मला दोन दिवसांनी कळतं. एके काळी असं झालं नसतं. कर्जतच्या स्टेशनाजवळच्या आमच्या आळीत तुमच्या बैलाला ठेच लागली तरी चार घरांत बातमी जायची, कारण त्या चारांतल्या एकाचं तरी सामान त्या आठवड्यात तुमच्या गाडीवर चढायचं असायचं. त्या आळीला तुम्ही परके झालात ते माझ्यामुळे. तुमचं नाव गेलं तेही माझ्यामुळे. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. ते बोलून टाकायला मला अकरा वर्षं मिळाली, आणि ती मी तुम्हाला चहा पाजण्यात घालवली. आता तुम्ही ऐकायला नाही तर मला कंठ फुटला आहे. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय म्हणायचं!

तुमची ओळख झाली ती खालापूरला. मास्तरांची पहिली नोकरी तिथल्या शाळेत होती. तुम्ही त्यांना मास्तर म्हणायचात, मीही इथे तेच म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला आता या वयात लागायची नाही. त्यांची कर्जतला बदली झाली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. तुमची बहीण कुंभिवलीला दिलेली. तिला भात पोचवून तुम्ही रिकामी गाडी घेऊन परत निघाला होतात, आणि मास्तरांनी तुम्हाला रस्त्यातच हात केला.

तुम्ही घरात आलात, कंबरेवर हात ठेवून सगळीकडे नजर फिरवलीत आणि मास्तरांच्या पुस्तकांच्या ढिगापुढे येऊन थांबलात.

"मास्तर, ही समदी वाचून झाली का?"

"झाली की!" मास्तर छाती फुगवून म्हणाले.

"मग कशाला न्यायची?"

मी पदरात तोंड खुपसून हसले, तरी आवाज फुटलाच. लग्नानंतर त्या घरात मी मोठ्याने हसले ती पहिली वेळ. सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांना दिसत होतं.

तुमच्या रीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. स्टोव्ह, चहाचं पातेलं आणि साखरेचा डबा सगळ्यांत शेवटी गाडीत चढवायचे, म्हणजे उतरताना तेच पहिले हाताला लागतात. लोणच्याची बरणी सामानात ठेवायची नाही, ती घरच्या बाईने मांडीवर घेऊन बसायची. खालापूरपासून मी ती बरणी मांडीवर धरून बसले. चौक गाव मागे पडल्यावर पायांना इतक्या मुंग्या आल्या की मी कुरकुरले, तर तुम्ही मागे न बघताच म्हणालात, "वयनी, पाय काय, उतारल्यावर जागं व्हतील. फुटलेली बरनी व्हईल का जागी?" कर्जतला पोचलो आणि मास्तर ट्रंक उचलायला धावले, तर तुम्ही त्यांना अडवलंत. नव्या घरात पहिला चहा झाल्याशिवाय दुसरी वस्तू आत न्यायची नाही म्हणालात. मग मी उंबऱ्याच्या आत स्टोव्ह पेटवला आणि आपण चौघं तिथेच बसून चहा प्यायलो. घरात एक खुंटीसुद्धा नव्हती, पण मला वाटलं, झालं, आता हे आपलं घर.

पुढे चौदा वर्षं आम्ही त्या आळीत भाड्याने राहिलो. एकदा मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून हललो, एकदा छप्पर गळायला लागलं म्हणून हललो, दोन्ही वेळा तुमच्याच गाडीतून. आळीत कुणी घर बदलायचं ठरवलं की लोक मुहूर्ताच्या आधी विचारायचे, "दामूला सांगितलं का?" तुम्ही भाताची झोडणी आटोपून यायचात ते पाऊस पडेपर्यंत. पावसाळ्यात तुम्ही शेतात, त्यामुळे आळीत कुणी बिऱ्हाडच हलवायचं नाही. एका घरमालकाने ऐन आषाढात घर रिकामं करायला सांगितलं, तर भाडेकरू त्याला ठणकावून म्हणाला, "जमायचं नाही, दामूची लावणी चालू आहे." आणि मालक गप्प बसला!

तुमच्या खांद्यावर उपरण्याबरोबर एक सुती दोरी असायची. ती सामान बांधायची नव्हे, मोजायची. तुम्हाला सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं, पण आदल्या दिवशी येऊन तुम्ही दोन्ही घरं त्या दोरीने मोजायचात. दाराच्या रुंदीला एक गाठ, जिन्याच्या वळणाला एक, कपाटाच्या उंचीला एक. कुठली गाठ कशाची हे फक्त तुम्हालाच कळायचं. मास्तर गणित शिकवायचे, त्यांनी तुम्हाला एकदा फुटपट्टी देऊ केली. तुम्ही ती उलटीसुलटी करून पाहिलीत आणि परत दिलीत. म्हणालात, "मास्तर, ही वाकत नाय. जिना वाकडा असला म्हंजी हिचा काय उपेग?"

आळीतल्या कुणाच्या जिन्याची तिसरी पायरी कच्ची आहे, गटारावरची कुठली फरशी डुगडुगते, कुठले आजोबा दुपारी झोपतात आणि मग त्या वेळी पलंग आपटायचा नाही, हे सगळं तुमच्या डोक्यात होतं. बाहेरगावचा हमाल नुसतं सामान उचलतो. तुम्हाला आमची घरं आतून ठाऊक होती. कुणाच्या माळ्यावर फुटका पाळणा आहे आणि तो का टाकून देत नाहीत, हेही तुम्हाला ठाऊक होतं, आणि ते या घरातून त्या घरात कधी गेलं नाही.

सासूबाईंचे डोळे त्या आळीतल्या शेवटच्या घरात गेले. काचबिंदू. हळूहळू गेले म्हणून त्यांना घर पाठ करायला वेळ मिळाला. कॉटवरून उठायचं, एक पाऊल टाकून पेटीवर हात टेकायचा, पेटीच्या पुढे धान्याची कोठी, कोठीला लागून मागचं दार. त्या कुणाचा हात धरायच्या नाहीत. मी पुढे झाले की म्हणायच्या, "मला आंधळी करू नकोस गं."

मग दहिवलीच्या सोसायटीत आमचं स्वतःचं घर झालं. नदीचा पूल ओलांडला की आलंच, पण मला ते परदेशासारखं वाटत होतं. तीन खोल्या, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, आणि मधल्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी. त्या खिडकीवर माझा डोळा होता. मी आळीतल्या बायकांची पोलकी शिवायची. माझं मशीन चौदा वर्षं स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. दिवसाढवळ्या दिवा लावून मी शिवायची. दुसऱ्याच्या घरात भाड्याने आणि सासूच्या मांडणीत राहून माझी उमेदीची वर्षं गेली होती. मी ठरवलं होतं, या घरात मशीन खिडकीत. बाकी कुठे काय ठेवायचं ते ठेवा.

तुम्ही मापं घ्यायला आलात, पण त्या वेळी दारं नाही मोजलीत. तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "काकी, जरा उठून मागल्या दारी जाऊन या की, रोज जाता तशा." त्या गेल्या. तुम्ही गुडघ्यांवर बसून त्यांच्या मागोमाग दोरी पसरत गेलात. कॉट ते पेटी, पेटी ते कोठी, कोठी ते दार, प्रत्येकाला गाठ. सासूबाई हसत होत्या, "अरे, मेलेल्या माणसाचं माप घेतात असं." तुम्ही म्हणालात, "काकी, जितंच मानूस चालतं."

दहिवलीला सामान उतरलं. पहिला चहा झाला. आणि तुम्ही सासूबाईंची कॉट, पेटी आणि कोठी त्या पूर्वेच्या भिंतीला गाठीबरहुकूम मांडलीत. पेटी बरोबर माझ्या खिडकीखाली.

तेव्हा मी तुमच्याशी भांडले. शेजारच्या प्लॉटवरचे गवंडी हात थांबवून ऐकत होते, इतकं भांडले.

"दामूदादा, हे घर माझं आहे. इथे माझ्या मनासारखं लागेल."

"वयनी, घर ज्याला दिसत नाय त्याच्या मनापरमानं लावायचं असतंय. दिसनाऱ्याला कुठंबी सापडतंय."

"आणि माझ्या मनाचं कधी?"

"काकी हायती तवर नको. मंग मी येतो. येका दिसात समदं फिरवून देतो, चहासुदिक घ्यायचा नाय."

मी म्हटलं, म्हणजे मी सासूच्या मरणाची वाट बघू का? तुम्ही दोरी गुंडाळलीत आणि बैल जुंपलेत. ते वाक्य माझ्या तोंडून का निघालं कुणास ठाऊक. पण निघालं ते खरं.

पहिले चार दिवस मी सासूबाईंच्या बरोबरीने चालले. त्या कॉटवरून उठायच्या, हात पुढे करायच्या, आणि पेटी तिथे असायची. चौथ्या दिवशी कोठीवर थाप मारून म्हणाल्या, "दामूने घर उचलून आणलंय गं. उद्यापासून माझी मी जाईन."

पाचव्या दिवशी दुपारी त्या झोपल्या होत्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी ती पेटी कोठीच्या बाजूला सरकवली, दीड हात. मशीन मावेल एवढीच जागा केली. ओढताना पेटीच्या लोखंडी पट्टीने नव्या कोब्यावर चरा उठला, त्याचंच मला वाईट वाटलं. म्हटलं, वाळलेले कपडे काढून आणते, मग मशीन आणते, त्या उठल्या की त्यांना हाताला धरून नवी जागा दाखवते. दीड हात तर आहे, शिकतील.

मी अंगणात दोरीवरचं धोतर ओढत होते तेव्हा आतून आवाज आला. सासूबाई उठल्या होत्या, एक पाऊल टाकलं होतं आणि सगळा भार देऊन हात टेकला होता. तिथे काही नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर आले, शेजारपाजारचे आले, मास्तर शाळेतून धावत आले. सगळे म्हणत होते, नवं घर, अंदाज आला नसेल. मी मान हलवत होते. पेटी परत जागेवर सरकवायचं धाडसही मला झालं नाही. तिला हात लावला तर सगळ्यांना कळेल असं वाटत होतं. मास्तरांना ती हललेली दिसली नाही. घरात कुठली वस्तू कुठे असते हे त्यांना चौदा वर्षांत कळलं नव्हतं, ते पाचव्या दिवशी काय कळणार!

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात. हातात काकींसाठी तुपाची बरणी होती. कडावपासून ती तुम्ही मांडीवर धरूनच आणली असणार. त्यांच्या उशाशी बसलात, त्यांच्या कपाळावरून हात फिरवलात. मग तुमची नजर पेटीकडे गेली.

मास्तर रात्रभर जागे होते, चिडलेले होते. म्हणाले, "दामू, तू मापं घेतली होतीस ना? मग आई पडली कशी?"

तुम्ही खांद्यावरची दोरी काढलीत. कॉटच्या कडेपासून पेटीपर्यंत लावलीत. गाठ अलीकडेच राहिली, पेटी तिच्यापुढे दीड हात. तुम्ही खाली वाकलात आणि मला दिसलं की तुम्हाला तो चरा दिसला. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. मी दाराला टेकून उभी होते. तुम्ही क्षणभर पाहिलंत आणि मग त्या चऱ्यावरच मांडी घालून बसलात. नीट, ऐसपैस, तो झाकला जाईल असे.

"चुकलं, मास्तर," तुम्ही म्हणालात. "गाठ सरकली. माझंच माप चुकलं."

मास्तर तुम्हाला बोलले. चारचौघांत बोलले. खोलीत शेजारचे होते, आळीतून भेटायला आलेले दोघेतिघे होते. आंधळ्या माणसाच्या जिवाशी खेळलास म्हणाले. तुम्ही "व्हय मास्तर, व्हय मास्तर" म्हणत राहिलात. आणि मी उभी राहिले. गणित शिकवणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नाही की चार दिवस बरोबर असलेलं माप पाचव्या दिवशी कसं चुकेल. मला सुचलं होतं. मी बोलले नाही.

लोक निघाल्यावरच तुम्ही उठलात. उठताना पेटी धरून उठलात आणि त्या निमित्ताने ती परत जागेवर सरकवलीत.

बातमी पूल ओलांडून आळीत गेली. दामूचं माप चुकलं, म्हातारी पडली. वाईटपणाने कुणी बोललं नाही, हळहळूनच बोलले. वय झालं आता त्याचं, म्हणाले. पण पुढच्या हंगामात पोस्टातल्या कारकुनांनी घर बदलायला टेंपो आणवला, बाहेरगावचा. टेंपो आळीच्या तोंडाशी अडकला. हमालांनी शिसवी कपाट जिन्याच्या वळणात कोंबलं, ते वरही जाईना न् खालीही येईना. तुम्ही बाजारात आला होतात, गर्दी बघून थांबलात. "आडवं नका घेऊ रं," तुम्ही खालून सांगितलंत, "पाय भिताडाकडं करा आन् डोकं कठड्यावरनं काढा." कपाट निघालं. कारकुनांनी तुमचे आभार मानले, आणि तुमची पाठ वळल्यावर म्हणाले, "माहिती सगळी आहे हो, पण हल्ली माप चुकतं त्याचं." मी तिथे पोलकं द्यायला गेले होते. माझ्या समोर म्हणाले. तेव्हाही मी बोलले नाही.

सासूबाई त्यानंतर अडीच वर्षं अंथरुणावर होत्या. मी त्यांचं सगळं केलं. लोक मला नावाजायचे, आणि ते मला चावायचं. एकदा त्यांना कुशीवर वळवत असताना त्या हळूच म्हणाल्या, "पेटी होती गं तिथे, चार दिवस." मी वळवता वळवता थांबले. मग त्या म्हणाल्या, पाठीला तेल लाव. मास्तरांना त्यांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

त्या गेल्यावर तेराव्याला तुम्ही आलात. जेवलात, आणि निघताना मधल्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणालात, "वयनी, आता फिरवू का घर? शबुद दिला व्हता."

मी म्हटलं, "नको."

"मंग ऱ्हाऊ द्या."

तेव्हा बोलायचं होतं, दामूदादा. मास्तर पलीकडच्या खोलीत वह्या तपासत होते. एक हाक मारली असती तर आले असते. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते, "चहा टाकू?" तुम्ही चहा प्यायलात. कप खाली ठेवून म्हणालात, "काकींचं लई केलंत तुमी." त्यात टोमणा असता तर मला सोसला असता. तो नव्हता.

त्यानंतरही तुम्ही वर्षातून एखाद्या वेळी यायचात. कधी नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन, कधी नुसतेच. मी चहा करायची. आपण बैलांबद्दल बोलायचो.

तुम्ही असं का केलंत हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. नव्या घरात नवरा-बायकोत विष नको म्हणून, की म्हातारीला आता या सुनेच्याच हातून पाणी प्यायचं आहे म्हणून? तुम्ही पुढचं बघून बोललात हे मला कळतं. त्या दिवशी मास्तरांना खरं कळलं असतं तर त्या घरात मला तोंड वर काढता आलं नसतं, आणि सासूबाईंचं मी जे केलं ते एक तर धाकाने केलं असतं, नाही तर केलंच नसतं. ते तुमचे उपकार आहेत. पण मला तुमचा रागही येतो. तुम्ही मला विचारलं नाहीत. माझी चूक माझ्यापुढून उचललीत आणि आपल्या गाडीत घालून घेऊन गेलात. सामान हलवणाऱ्या माणसाची ही खोडच, जड दिसलं की हात घालायचा. ते ओझं माझं होतं हो. मी रिकाम्या हातांनी राहिले आणि त्याचंही ओझंच झालं.

दूधवाला गेल्यावर मी मास्तरांपुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. खिडकी, दीड हात, चरा. त्यांनी चष्मा काढला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला बोलला असता."

"बोललो असतो," ते म्हणाले. "मी त्याला चारचौघांत बोललो. आणि तो व्हय मास्तर म्हणत राहिला." त्यांनी टोपी घातली. "चल. मी बरोबर येतो. पण बोलायचं तू."

काल आम्ही कडावला गेलो. तुमच्या जनाबाई पडवीत बसल्या होत्या, बायका भोवती. मास्तर बाहेर पुरुषांत थांबले. मी जनाबाईंचा हात हातात घेतला आणि त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना माहीत असेल. नवरा बायकोला एवढं तरी सांगतोच. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या बाई, झालं ते झालं, आणि मी रडून मोकळी होईन.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"म्हंजी माप बरुबर व्हतं?"

"बरोबर होतं."

"आन् त्यांना ठावं व्हतं?"

"त्याच दिवशी."

जनाबाईंनी माझ्या हातातून हात काढून घेतला. "मी बी बोलले वो त्यांना. काकी पडल्याचं आयकलं आन् म्हनले, हात सुटला तुमचा आता. कुनाचा जीव जाईल यखांद्या दिशी. दोरी ठेवा खुंटीला. त्यांनी हूं म्हनलं आन् ठेवली." त्यांचा आवाज चढला. "मला वाटलं आळीनं काम सोडवलं, तर त्या आदी मीच सोडवलं व्हतं. धा-अकरा वर्सं यका ताटाला बसलो, मला तरी सांगायचं व्हतं त्यांनी!"

बायका त्यांना धरायला लागल्या. मी रडत होते, पण त्या माझ्याजवळ आल्या नाहीत, आणि यायचं काही कारणही नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग, बाई? मी त्यांची बायको, मी बोलले तरी घरातलं घरात. नाव आळीनं ठेवलंय. आळीला सांगा."

दामूदादा, तुम्ही असतात तर मध्येच म्हणाला असतात, "जाऊ द्या वयनी, चहा टाका." या वेळी मी ऐकणार नाही. आळीच्या वाचनालयाबाहेर फळा आहे, सकाळी पेपर वाचायला सगळी आळी तिथे जमते. उद्या सकाळी हे कागद मी तिथे माझ्या हाताने लावणार आहे. मास्तरांनी वाचून पाहिलं. म्हणाले, मी त्याला बोललो ते वाक्य जसंच्या तसं ठेव. ठेवलं आहे. खाली मी माझं पूर्ण नाव आणि दहिवलीच्या घराचा पत्ता लिहिते आहे. हे वाचून ज्याला काही बोलायचं असेल त्याने कडावला जाऊन जनाबाईंना त्रास देऊ नये, माझ्या दारात यावं.